अक्कांची तार

घर भाड्यानं देताना अक्कांनी एकच अट घातली होती: भिंतीत खिळा ठोकायचा नाही.

"मग कॅलेंडर कुठं लावू?" मी विचारलं.

"तारेनं बांध."

"आरसा?"

"तारेनं."

"देवाची तसबीर?"

"देवाला कशाला टांगतीस? त्याला खाली बसू दे की."

त्यामुळं शुक्रवार पेठेतल्या त्या माडीवरच्या खोलीत माझा सगळा संसार तुळयांना टांगलेला होता. खिडकीतून वारा आला की आरसा गोल फिरायचा आणि वेणी घालताना मीही त्याच्याबरोबर फिरायची. मी साताऱ्याकडची. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून सोलापूरला आले होते. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. एकट्या मुलीला खोली द्यायला पेठेत कुणी तयार नव्हतं. अक्कांनी मात्र मला जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, बाप काय करतो हेही विचारलं नाही. फक्त खिळ्याचं विचारलं. एवढ्या बदल्यात मी जन्मभर भिंतीला हात लावला नसता.

अक्का मूळच्या मैंदर्गीच्या. उंच, काटक, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकली लुगडं. माणसांशी त्या मराठीत बोलायच्या आणि दगडांशी कानडीत. त्यांच्या मालकांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. गिरण्यांच्या आणि मागांच्या जळलेल्या मोटारी तिथं यायच्या, त्यांच्या पोटातली जळकी तार उपसून नवी भरली जायची. मालक गेल्यावर दुकान दिरांनी मागितलं, अक्कांनी देऊन टाकलं. पण तांब्याच्या तारेची बंडलं आणि मालकांची चोचीची पक्कड त्या हातगाडीवर घालून घरी घेऊन आल्या. दीर म्हणाले, वहिनीला दुःखानं भ्रम झाला. अक्का म्हणाल्या, "भ्रम झाला असता तर दुकान न्हेलं असतं."

ती बंडलं पलंगाखाली पडून राहिली. मग एका संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत खंबायतचा एक व्यापारी अकीकाचे खडे पसरून बसलेला त्यांना दिसला. खाली सपाट, वर घुमटासारखे फुगीर, पैलू न पाडता नुसते घासून गुळगुळीत केलेले. काही मधासारखे, काही धुरकट, काहींच्या पोटात गवताच्या काड्यांसारख्या हिरव्या रेघा. अक्कांनी ओंजळभर घेतले. व्यापारी म्हणाला, गळ्यात घालायचे असतील तर भोक पाडून देतो.

"भोक?" अक्का भडकल्या. "त्यानं तुझं काय वाईट केलंय?"

आणि घरी येऊन त्यांनी पलंगाखालचं पहिलं बंडल ओढलं.

त्यांची रीत मी इतक्या दुपारी पाहिली आहे की आजही हात तसे वळतील असं वाटतं. वळणार मात्र नाहीत. तारेवरचा लालसर मुलामा त्या चुलीत जाळायच्या, मग पॉलिशपेपरनं घासून तांबं उघडं करायच्या. तीन-चार तारा शेजारी शेजारी धरून मध्ये मध्ये बारीक तारेचे वेढे घ्यायच्या. झालेली ती पट्टी खड्याच्या कमरेभोवती वळवायची, वर पीळ घालून कडी करायची आणि मग पक्कडीच्या टोकानं एकेक तार खड्याच्या पाठीवर आणि पोटावर हळूच ओढून घ्यायची. ना भोक, ना डाख, ना लाख. खडा नुसता तारांनी धरलेला. हे चाललं असताना खडा घसरला की त्या दटावायच्या, "सुम्नीर!" म्हणजे गप्प बस. पहिल्यांदा मला वाटलं मलाच म्हणताहेत. मी गप्प बसले. नंतर कळलं तरी गप्पच बसत राहिले.

झालेला दागिना मात्र, काय सांगावं, दणकट असायचा. अक्कांना तारेचा सोस होता. एका वेढ्यानं भागेल तिथं त्या चार घ्यायच्या. खडा आत कुठंतरी असायचा, तुरुंगातून डोकावणाऱ्या माणसासारखा. आणि हे दागिने त्या विकत नसत. देत. घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या वाट्याला धुरकट अकीक आला. एक दिवस घालून मी कॉलेजात गेले आणि दोन दिवस मान धरून बसले. गल्लीतल्या दूधवाल्यालाही एक मिळाला. त्यानं तो म्हशीच्या गळ्यात बांधला. अक्कांनी ते पाहिलं, म्हशीची मान वर करून कडी तपासली आणि म्हणाल्या, "हिला शोभतोय." खरंच शोभत होता. शिवाय ती तो रोज घालायची, माझ्यासारखी ट्रंकेत ठेवत नव्हती.

खडे म्हटलं की लोक ग्रहांचं बघायला येणारच. कोर्टातला एक बेलीफ आला. साडेसाती चालू होती, शनीसाठी काहीतरी बांधून द्या म्हणाला. अक्का म्हणाल्या, "ही शुक्रवार पेठ हाय. शनीचं काम असंल तर शनिवार पेठंत जा." तो इतका गोंधळला की खरंच कुणाकडं जाऊ म्हणून विचारायला लागला.

अक्कांच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. ती कशी फाटली याच्या अनेक हकिगती होत्या आणि सगळ्या त्यांनी स्वतःच सांगितलेल्या. मला सांगितलं की लहानपणी विहिरीवर दोराच्या गाठीत कुडी अडकली. शेजारणीला सांगितलं की गाडीत चोरानं ओढली. एकदा एका पाहुण्या बाईला त्या शांतपणे सांगत होत्या की माकडानं. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मी म्हटलं, "अक्का, खरं काय ते एकदा सांगा की."

"कान माझा हाय का तुझा?"

तो विषय तिथंच मिटला.

आमच्या घरासमोर, गल्लीपलीकडं, एका सोनारांचं दुकान होतं. वयानं अक्कांच्या बरोबरीचे, बारीक, चष्म्याच्या दोन काड्यांपैकी एकीच्या जागी दोरा. अक्का आणि ते एकमेकांशी बोलत नसत. कारण असं की अक्कांनी आपला पहिला दागिना मोठ्या हौसेनं त्यांना दाखवला होता, आणि त्यांनी भिंगातून पाहून "कोंबडीचे पाय बांधल्यागत दिसतंय" असा अभिप्राय दिला होता. अक्का तेव्हा त्यांना म्हणाल्या होत्या, "तुमी दगडाला खड्ड्यात पुरता. मी त्याला कडंवर घेते." त्यानंतर बोलणं बंद. पण गल्ली इतकी अरुंद की अबोला पाळणं दोघांनाही जड जायचं. मग मधे कुणीतरी लागायचं. मी राहायला आल्यावर ते काम माझ्याकडं आलं.

"ए लायब्ररी," अक्का मला याच नावानं हाक मारायच्या, "सोनारांना सांग, त्यांच्या मोरीचं पाणी हिकडं येतंय."

सोनार हातभर अंतरावर उभे. मी तरी सांगायची. सोनार मला म्हणायचे, "बाई, अक्कांना सांगा, उतार नगरपालिकेनं दिलाय."

अशात एका दिवाळीनंतर गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि अकलूजच्या एक बाई उतरल्या. ऊसवाल्या घरातल्या, जरीकाठी, हातात पाटल्या. आधी त्या सोनारांकडं गेल्या. रुमालात गुंडाळलेला एक खडा होता, त्यांच्या आईचा. अंगठ्याएवढा चंद्रकांत. दुधट पांढरा, आणि हलवला की आतून निळी झाक सरकायची. माघात मुलीचं लग्न होतं, तिच्या गळ्यात तो घालायचा होता. पण खड्याच्या कडेपासून आत एक केसासारखा तडा गेलेला होता. कोंदणात बसवताना कडा दाबाव्या लागतात, त्या दाबानं फुटेल, म्हणून कुणी सोनार हात लावत नव्हता. आमच्या सोनारांनीही लावला नाही. जाताजाता ते म्हणाले, "समोर बघा. तिथं दगडं बांधून मिळतात."

थट्टेनंच म्हणाले असतील. बाई मात्र सरळ समोर आल्या.

अक्कांनी खडा उन्हात धरला, तड्यावरून नख फिरवलं आणि बराच वेळ कानडीत काहीतरी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "ठिवून जा."

तांब्याची तार या खड्याला चालणार नव्हती. ती ताठ, ओढून घेताना जोर लावावा लागतो. मऊ चांदीची हवी होती. आणि चांदी वितळवून, ओढून तार करायची साधनं गल्लीत एकाच माणसाकडं होती.

दोन दिवस अक्कांनी तो विचार टाळला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चल गं लायब्ररी."

गल्ली ओलांडून आम्ही दोघी दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिलो. सोनार गादीवर.

"सोनारांना विचार, तार वडून देतात का."

"अक्कांना विचारा, कशाची."

"चांदीची म्हणून सांग."

"चांदी आणलीय का, विचारा."

अक्कांनी कनवटीची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर जोडव्यांचा जोड ठेवला. जुना, झिजून पातळ झालेला. सोनारांनी तो घेतला, उलटा केला, आणि चष्मा काढून ठेवला.

"ही मीच घडवली होती," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. माझ्याकडंही पाहत नव्हते.

"सांग त्यांना, मला ठाऊक हाय. म्हणून हितंच आणली."

मी सांगायची कुणी वाटही पाहिली नाही.

"बाजारात मिळते की चांदी," मी अक्कांना हळूच म्हटलं.

"मिळती की. पन ही पेटीत बसून काय करायलीय?"

सोनारांनी भिंतीवरची पोलादी पट्टी काढली. तिच्यावर मोठ्यापासून बारीकपर्यंत भोकांची ओळ होती. "बाई, अक्कांना सांगा, तार या भोकांतून ओढावी लागते. भोकाशिवाय होत नाही. चालंल का?"

त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. मी ओठ दाबून धरले. अक्का पट्टीकडं बघत राहिल्या.

"सांग," त्या म्हणाल्या, "लोखंडाला पाडल्यात तर पाडू देत."

तार आली आणि आमच्या घरातली शांतता सुरू झाली. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की अक्का खिडकीशी बसायच्या. सुट्टीच्या दिवशी मला जिन्यात बसायची परवानगी होती, पण कडक भाकरी खायची नाही. चावण्याच्या आवाजानं हात हलतो म्हणे. मी दशमी खायची. कितीदा तरी त्यांनी सगळं बांधून पुन्हा सोडलं. तड्यावरून तार जाता कामा नये, आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना सारखा आधार तर हवा. कधी श्वास रोखून त्या इतक्या वेळ बसायच्या की मलाच धाप लागायची.

आणि अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा कमी तार वापरली. झालेला दागिना एवढाच: चार बारीक रेघा, कडेनं एक वळसा, आणि मधे तो खडा मोकळा. हलवला की निळी झाक तारेखालून सरकायची, पाण्यात काही पोहावं तशी. अकलूजच्या बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी तो आधी डोळ्यांना लावला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, समोर जाऊन सोनारांना दाखवून आल्या. त्यांनी भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिलं. "बरंय," म्हणाले.

अक्का त्या दिवशी गल्ली झाडताना त्यांच्या पायरीपर्यंत झाडून आल्या.

लग्नाचं आवतण आम्हा दोघींना होतं. एस्टीनं अकलूजला गेलो. मांडव एवढा मोठा की एका टोकाच्या अक्षता दुसऱ्या टोकाला पोचत नव्हत्या. नवरी सोन्यानं अशी मढवली होती की खाली मुलगी आहे हे धरून चालावं लागत होतं. अक्कांनी जागा बदलून बदलून पाहिलं. डावीकडून, उजवीकडून, शेवटी अगदी बोहल्याजवळ जाऊन. निळं काही दिसलं नाही.

पंगतीत अक्कांच्या शेजारी घरातलीच एक बाई बसली होती, नवरीची चुलती. बोलकी. अक्कांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज्जीचा खडा घालणार हुते न्हवं नवरीला?"

"ते व्हय? अवं, ते कुणाकडनं तरी तारंत बांधून आणलं होतं. सोन्यात ती तार कशी दिसायची? मुलाकडची मंडळी काय म्हणतील? म्हणून मोठ्यांनी पुण्याला दिला सोन्यात बसवायला. तिथं काय दाबलं काय की, टचकन फुटला. दोन तुकडं. जाऊबाई तवापास्नं रडायलीय." आणि मग पानाकडं बघत, "तुमी कुठनं आलाय?"

"सोलापूरनं," अक्का म्हणाल्या आणि वाढप्याला हाक मारली. "वाढ की रं जिलबी."

मी पानातली जिलबी बाजूला सारली. अक्का जेवल्या, पानातलं काही टाकलं नाही. हात धुऊन येताना समोरून नवरीची आई आली. अक्कांना पाहिल्यावर तिचा चेहरा उतरला.

"अक्का, ते..."

"लेक लई गोड दिसायलीय," अक्कांनी तिचा हात धरला. "जाताना दृष्ट काढ तिची." आणि पुढं एक शब्द बोलू न देता निघाल्या.

परतीच्या एस्टीत त्या खिडकीशी बसल्या. मोहोळ मागं पडल्यावर मी विचारलं, "तारेचं काय केलं असेल त्यांनी?"

"आटवली असंल. कुणाच्या तरी अंगावर गेली असंल." थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोनारांना काय बोलायचं न्हाय."

गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सोनार दुकान बंद करायचं सोडून पायरीवर उभे होते. आणि त्यांनी मला नाही, सरळ अक्कांना विचारलं, "काय अक्का, घातलं का लेकीनं?"

अक्का थबकल्या. मग मान ताठ करून म्हणाल्या, "घातलं की. मधोमध. सगळी त्याच्याकडंच बघत हुती."

सोनारांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय का हो बाई?"

"हो तर," मी म्हटलं. आणि एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. "कुणी केलं, कुणी केलं म्हणून विचारत होते सगळे."

"विचारणारच," सोनार म्हणाले आणि आत जाऊन फळ्या लावायला लागले.

दोन-तीन दिवसांनी माझ्या कुडीचं मळसूत्र हरवलं म्हणून मी त्यांच्याकडं गेले. ते मळसूत्र शोधत असताना त्यांच्या समोरच्या ताटलीत मला काहीतरी निळं दिसलं. वाकून पाहिलं. चंद्रकांताचे दोन तुकडे होते, आणि शेजारी चेपलेल्या चांदीच्या तारेचा गोळा.

लग्नाच्या आठवडाभर आधी अकलूजच्या बाई येऊन गेल्या होत्या. अक्का बाजाराला गेलेल्या पाहून घाईघाईनं. जोडता येईल का, विचारायला. "दगडाला डाख लागत नाही," सोनार मला म्हणाले. "बाई रडल्या. म्हणाल्या, डोळ्यांसमोर नको, राहू दे तुमच्याकडं."

"म्हणजे परवा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग विचारलंत कशाला?"

ते माझ्याकडं असं बघायला लागले जसं काही मी अगदीच बाहेरगावची आहे. "न विचारता गप्प बसलो असतो, तर अक्कांना कळलं नसतं का, मला माहीत हाय ते?"

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सोनार गल्ली ओलांडून आमच्या दारात आले. मी तिथं राहायला आल्यापासून त्यांनी आमचा उंबरा पाहिला नव्हता. हातात कागदाची पुडी. मी जिन्यात होते.

"अक्का, दोन फुटके खडे आलेत. कोंदणात बसणार न्हाईत. बघता का?"

अक्कांनी पुडी उघडली. एक तुकडा उचलून दिव्याशी धरला, हलवला. मग दुसरा. दोन्हींत ती निळी झाक होती, आता जरा अपुरी. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"कुणाचे?"

"गिऱ्हाइकाचे. बाहेरगावचं हाय."

"ह्येला चांदीची तार लागंल."

सोनारांनी खिशातून एक वेटोळं काढून दिलं. अक्कांनी ती तार बोटांमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढली.

"बारीक झालीय."

"पुन्हा ओढावी लागली," सोनार म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला, दोरा नीट केला, परत लावला. अक्का तारेकडंच बघत होत्या.

"बसा," अक्का म्हणाल्या. "उभं का ऱ्हायलाय?" आणि मान वळवून मला, "लायब्ररी, च्या टाक. साखर बेताची, त्यांना दाताचं दुखणं हाय."

सोनारांना दाताचं दुखणं आहे हे अक्कांना कसं माहीत, ते मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात दोन्ही तुकडे बांधून झाले. सोनारांनीच अकलूजला निरोप धाडला. बाई आल्या, सोबत लेकही होती, नवी नवरी, गळ्यात आता एकच साखळी. अक्कांनी एक तुकडा लेकीच्या गळ्यात घातला, दुसरा आईच्या. आईची साखळी जरा आखूड होती, तर मानेमागं हात घालून कडी स्वतः बसवली. बाई त्यांच्या पायाशी वाकल्या आणि तशाच रडायला लागल्या.

"ऊठ, ऊठ," अक्का म्हणाल्या. "रडायचं काय त्यात? आता फकस्त पुण्याला जाशील तवा घरी काढून ठिवत जा."